गिटारवरून सिंथेसायझर : कोणते उपकरण कोणाच्या कामाचे

सुगम संगीताचे कार्यक्रम करणाऱ्या आमच्या हौशी वाद्यवृंदातला की-बोर्ड वाजवणारा मित्र नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला आणि बासरीचे तुकडे, मागचा व्हायोलिनांचा भरणा आणि एखाद्या अभंगापुरती लागणारी पेटी या तिन्ही गोष्टी माझ्या गिटारच्या गळ्यात पडल्या. नवा वादक शोधण्यापेक्षा गिटारच्याच तारांवरून सिंथेसायझर वाजवावा, असा विचार मी केला आणि तो वाटला तितका सोपा नाही हे पहिल्याच आठवड्यात कळले. त्यानंतरच्या दहा महिन्यांत या कामाची चार-पाच उपकरणे मी विकत घेऊन, उसनी आणून किंवा दुसऱ्याच्या घरी जाऊन वाजवून पाहिली. त्यांतली दोन माझ्याकडे राहिली, बाकीची ज्यांची त्यांना परत गेली. पुढचे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे आणि ते लिहिताना माझ्यासमोर असा वाचक आहे, ज्याच्याकडे गिटार आधीपासून आहे, हात बऱ्यापैकी बसलेला आहे आणि आता त्याला तारांमधून दुसऱ्या वाद्याचा आवाज काढायचा आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी एक भेद स्वच्छ करून घ्यावा लागतो, कारण ‘गिटार सिंथ’ हा शब्द उच्चारला की दुकानदार अगदी वेगळ्या जातींच्या दोन वस्तू एकाच फळीवरून काढून देतो. पहिल्या जातीची वस्तू गिटारच्या ध्वनीवरच प्रक्रिया करून तो सिंथेसायझरसारखा करते. बॉस कंपनीचे २०१९ साली आलेले एसवाय-१ हे पेडल या जातीचे आहे. त्यात आवाजांचे अकरा प्रकार आणि प्रत्येकाचे अकरा उपप्रकार, म्हणजे एकूण १२१ आवाज मिळतात, नेहमीची गिटारची केबल चालते आणि उशीर जवळजवळ जाणवत नाही. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची ऑर्गन आणि सिंथची पेडलेही याच घराण्यातली. मात्र ही पेडले दुसऱ्या कोणत्याही सिंथेसायझरला हुकूम देत नाहीत. पेडलमध्ये असतील तेवढेच आवाज तुमचे. दुसऱ्या जातीची वस्तू तारेचा स्वर ओळखते आणि ‘अमुक स्वर, अमुक जोराने, आत्ता सुरू झाला’ असा मिडी संदेश तयार करते. मिडीमध्ये आवाज नसतो, फक्त सूचना असतात. त्या सूचना संगणकातल्या बासरीला द्या, मित्राने मागे ठेवलेल्या साउंड मॉड्यूलला, म्हणजे पट्ट्या नसलेल्या आणि फक्त आवाज देणाऱ्या सिंथला, द्या किंवा चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या अॅनालॉग सिंथला द्या, काम तेच होते. ज्याला एक-दोन गाण्यांत ऑर्गनचा रंग हवा आहे त्याने पहिल्या जातीचे पेडल घ्यावे आणि पुढचे परीक्षण वाचण्याचे कष्टही घेऊ नयेत. मला सिंथेसायझर चालवायचा होता, म्हणून मी दुसऱ्या वाटेने गेलो.

या वाटेवरची मुख्य अडचण उपकरणांच्या दर्जाची नाही, तारेच्या स्वभावाची आहे. की-बोर्डची पट्टी हे मुळात एक बटण असते. ती दाबली की कोणता स्वर हवा हे यंत्राला त्याच क्षणी समजते. गिटारची तार काहीच सांगत नाही, ती फक्त कंप पावते आणि ते कंपन निदान एकदा, खात्रीसाठी दीड-दोनदा पूर्ण झाल्याशिवाय त्याची कंपनसंख्या कोणालाही काढता येत नाही. सर्वांत जाड ई तारेची कंपनसंख्या ८२.४ हर्ट्झ आहे, म्हणजे तिचे एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात; यंत्राने दोन आवर्तने पाहायची ठरवली तर २४ मिलिसेकंद तिथेच गेले. सर्वांत बारीक ई तार ३२९.६ हर्ट्झची, तिचे आवर्तन ३ मिलिसेकंदांत होते, त्यामुळे तोच हिशेब ६ मिलिसेकंदांत उरकतो. त्यात पिक तारेवर घासल्याचा जो खरखरीत आवाज सुरुवातीला येतो त्यात स्वर असा नसतोच, आणि तो ओसरेपर्यंत यंत्राला धीर धरावा लागतो. तुलनेसाठी सांगायचे तर ध्वनीला हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मंचावर स्पीकरपासून चार मीटरवर उभा असलेला तबलजी १२ मिलिसेकंदांचा उशीर रोज सहन करतो आणि त्याविषयी चकार शब्द काढत नाही. तेव्हा वरच्या, म्हणजे बारीक, तारांवरचा उशीर हा कुरकुरीचा विषय नाही. खालच्या, म्हणजे जाड, दोन तारांवरचा मात्र आहे, आणि ‘आमच्या यंत्रात उशीर अजिबात नाही’ असे कोणी सांगितले तर त्याला जाड ई तार वाजवून दाखवायला सांगावे.

या हिशेबातून एक युक्ती निघते आणि ती कोणत्याही किमतीच्या उपकरणावर चालते. खालचे स्वर हवे असतील तर ते खालच्या तारांवर वाजवूच नयेत. वरच्या तारांवर वाजवून सिंथेसायझरमध्ये एक किंवा दोन सप्तके खाली उतरवावेत. बास गिटारचा आवाज मी बारीक तारांवर वाजवून दोन सप्तके खाली घेतो आणि ढोलकीबरोबर तो नेमका बसतो. काही वादक तर केवळ मिडीसाठी वेगळी गिटार ठेवतात, तिच्यावर सहाही जागी बारीक तारा चढवतात आणि बाकीचे यंत्रावर सोपवतात. मी तेवढ्या थराला गेलेलो नाही.

हे दुखणे जुने आहे. रोलँडने आपला पहिला गिटार सिंथ, जीआर-५००, १९७७ साली बाजारात आणला; त्याच वर्षी अमेरिकेतल्या एआरपी कंपनीने अवतार नावाचे यंत्र काढले. नाव आपल्याकडचे असले तरी यश आले नाही, आणि त्यावर झालेला अवाढव्य खर्च हे ती कंपनी १९८१ मध्ये बंद पडण्याचे एक कारण मानले जाते. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीच्या हातात आजही दिसणारा रोलँडचा जीआर-३०० हा १९८० सालचा, मिडीच्या आधीचा. तो स्वर ओळखून नंतर संदेश पाठवण्याच्या भानगडीत पडत नाही, तारेच्या कंपनानेच आपला सिंथ हाकतो, म्हणून तो हाताखाली इतका जिवंत वाटतो. १९८३ मध्ये मिडी आली, निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली आणि गिटारवादकाच्या वाट्याला सोय व उशीर दोन्ही एकदम आले. सिंथअॅक्स या १९८०च्या दशकातल्या वाद्याने तारेचे कंपन मोजण्याऐवजी बोट कोणत्या पडद्यावर आहे हे थेट तारांच्या विद्युत्स्पर्शातून ओळखण्याचा मार्ग काढला. गिटारवादक अॅलन होल्ड्सवर्थने ते वाद्य नावारूपाला आणले, पण ते गिटारसारखे धरायचे एक वेगळेच वाद्य होते आणि किंमत घराच्या अंदाजपत्रकात बसणारी नव्हती.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे वळतो, आणि सर्वांत स्वस्त वाटेपासून सुरुवात करतो. जॅम ओरिजिन या कंपनीचे मिडी गिटार हे सॉफ्टवेअर संगणकावर आणि आयपॅडवर चालते. त्याला वेगळे पिकअप, म्हणजे तारेचे कंपन उचलणारे साधन, लागत नाही; गिटारची नेहमीची केबल ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे गिटारचा ध्वनी संगणकात नेणाऱ्या उपकरणात, लावली की ते एकाच मिसळलेल्या ध्वनीतून एका वेळी वाजणारे अनेक स्वर वेगळे काढते. ऐकायला अशक्य वाटणारी ही गोष्ट ते चांगली करते. खरेदीपूर्वी चाचणीची प्रत वापरून पाहता येते, त्यामुळे या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फार तर एक संध्याकाळ जाईल. अट एकच, ती म्हणजे ऑडिओ इंटरफेस बरा असावा आणि त्याचा बफर, म्हणजे एका वेळी साठवला जाणारा ध्वनीचा तुकडा, लहान ठेवता यावा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद आणि ५१२ नमुन्यांचा म्हणजे १०.७ मिलिसेकंद, आणि हा वेळ आत येताना एकदा व बाहेर जाताना पुन्हा एकदा मोजायचा असतो. लॅपटॉपच्या अंगच्या मायक्रोफोनच्या खोबणीत गिटार खुपसून ‘हे सॉफ्टवेअर फार उशीर करते’ असा निकाल देणारे दोन जण मला भेटले. दोष त्यांच्या खोबणीचा होता.

या मार्गाची मर्यादा वेगळीच आहे. ध्वनी एकाच धाग्यातून येत असल्यामुळे कोणता स्वर कोणत्या तारेवर वाजला हे सॉफ्टवेअरला खात्रीने सांगता येत नाही. सिंथेसायझरचे आवाज तारांनुसार वाटायचे असतील, म्हणजे खालच्या दोन तारांवर चेलो आणि वरच्या चारांवर बासरी असे काही मनात असेल, तर इथे ते नीट साधत नाही. शिवाय मंचावर लॅपटॉप उघडून बसावे लागते. गणेशोत्सवातल्या मंडपात, जिथे विजेच्या एकाच बोर्डावर हॅलोजन, ध्वनिक्षेपक आणि चहाची किटली असे तिघे नांदत असतात, तिथे मला ते धाडस झाले नाही. घरी बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ही अडचण नाही आणि त्याने पुढे जाण्याची गरज आहे का, हे त्याने आधी स्वतःला विचारावे.

सोनस या ब्रिटिश कंपनीचे जीटूएम हे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे यंत्र मी एका मित्राकडून आणले होते. एका बाजूने गिटारची नेहमीची केबल, दुसऱ्या बाजूने पाच पिनांची मिडी केबल, संगणक नाही, सॉफ्टवेअर नाही, की संपले. पण ते एकस्वरी आहे: एका वेळी एकच स्वर. दोन तारा एकत्र वाजल्या की ते गोंधळते, आणि हा त्याचा दोष मानता येणार नाही, कारण कंपनीही तेच सांगते. बासरी, सनई, सिंथची एकेरी धून एवढेच वाजवणाऱ्याला या खर्चात याहून साधी वस्तू मिळणार नाही. बास गिटारवर मात्र वरचा उशिराचा हिशेब आठवावा. मला व्हायोलिनांचा भरणा द्यायचा असल्याने तीन-चार स्वर एकत्र हवे होते, म्हणून ते मी आठवड्याभरात परत केले.

यानंतरची सगळी गंभीर उपकरणे एका कल्पनेवर उभी आहेत, ती म्हणजे सहा तारांना सहा स्वतंत्र पिकअप. ब्रिजच्या, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या तुकड्याच्या, अगदी जवळ बसणारी ही बारीक पट्टी प्रत्येक तारेचा ध्वनी वेगळा उचलते, त्यामुळे यंत्राला मिसळलेल्या आवाजातून स्वर निवडत बसावे लागत नाही, सहा सोपी गणिते शेजारी शेजारी सोडवायची असतात. पट्टी चुंबकीय असल्यामुळे पोलादी तारा अनिवार्य आहेत; नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर ब्रिजच्या आतच पिझो, म्हणजे चुंबकाऐवजी दाबातून कंपन टिपणारे, पिकअप बसवलेली गिटार घ्यावी लागते, आणि गोडिन कंपनीच्या मल्टिअॅक गिटारी त्यासाठीच ओळखल्या जातात.

फिशमन कंपनीचे ट्रिपलप्ले २०१३ साली बाजारात आले. त्यात पट्टी आणि तिला जोडलेला नियंत्रक चुंबकाने गिटारला चिकटतात, स्वर ओळखण्याचे काम गिटारवरच होते आणि मिडी संदेश बिनतारी मार्गाने यूएसबीच्या छोट्या ग्राहकाकडे (रिसीव्हरकडे) जातो. गिटारला भोक पाडावे लागत नाही, बॅटरी चार्ज करता येते आणि कार्यक्रम संपल्यावर नियंत्रक काढून डब्यात ठेवता येतो. वरच्या तारांवर त्याची चपळाई मला फार आवडली आणि संगणकाबरोबर काम करायचे असेल तर मी आजही त्याचेच नाव घेईन. याच कंपनीचे ट्रिपलप्ले कनेक्ट नावाचे वायरवाले भावंड आयपॅड किंवा संगणकाला यूएसबीने जोडता येते. बिनतारीची हौस नसेल तर त्याचा विचार करावा.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो. बिनतारी ग्राहक यूएसबीचा आहे आणि मित्राच्या की-बोर्डालाही यूएसबीची खोबण आहे, तेव्हा एकात दुसरे लावले की झाले, असे मी गृहीत धरले. तसे होत नाही. यूएसबीच्या संसारात एकाने यजमान व्हावे लागते आणि दुसऱ्याने पाहुणा. ग्राहक आणि की-बोर्ड दोघेही पाहुणे असतील तर दोघे एकमेकांकडे पाहत बसतात. मध्ये संगणक हवा किंवा यूएसबी मिडीला यजमानपद देणारी वेगळी पेटी हवी. संगणकाशिवाय थेट जुन्या पाच पिनांच्या सिंथेसायझरकडे जायचे असणाऱ्याने या पेटीचा खर्च आधीच धरावा.

दुसरा मोठा संप्रदाय रोलँड आणि बॉसचा. त्यांची जीके मालिकेतली पट्टी तेरा पिनांच्या जाड केबलने जमिनीवरच्या यंत्राला जोडली जाते. तेरा पिनांतून सहा तारांचे सहा ध्वनी, गिटारच्या नेहमीच्या पिकअपचा सातवा ध्वनी, आवाजाच्या बटणाची आणि दोन कळांची माहिती आणि पट्टीला लागणारी वीज एवढे सगळे वाहते, म्हणून गिटारवर बॅटरी लागत नाही. २०११ साली आलेले जीआर-५५ हे यंत्र या संप्रदायातले सर्वांत परिचित. त्याच्या पोटात दोन स्वतंत्र सिंथ आवाज, गिटारची नक्कल करणारा तिसरा थर आणि खरी गिटार असे चार पदर एकाच वेळी वाजतात, शिवाय मागून मिडी बाहेर पडते. त्याचे उत्पादन थांबले आहे, पण वापरलेली यंत्रे मिळतात आणि मी तेच घेतले. त्यातले आवाज आजच्या सॉफ्टवेअरपुढे थोडे जुनाट वाटतात, विशेषतः पियानो. व्हायोलिनांचा भरणा मात्र गर्दीच्या सभागृहात पुरेसा भरीव लागतो. त्याची खरी किंमत मला वेगळ्या ठिकाणी दिसते: तारेची लांबी, ब्रिजपासून पट्टीचे अंतर आणि प्रत्येक तारेची संवेदनशीलता ही सगळी माहिती त्याला भरून देता येते, आणि एकदा ती काळजीपूर्वक भरली की ते माझ्या उजव्या हाताला ओळखू लागल्यासारखे वागते.

नवीन घेणाऱ्यासाठी याच घराण्यात २०२३ साली जीएम-८०० आणि जीके-५ आले. इथे खरेदीदाराने विशेष सावध राहावे, कारण नव्या मालिकेने तेरा पिनांची केबल सोडून दिली आहे. जीके-५ पट्टी सहा तारांचा ध्वनी अंकीय स्वरूपात, दिसायला साध्या टीआरएस केबलसारख्या बारीक केबलमधून पाठवते. जुनी जीके-३ पट्टी नव्या यंत्राला किंवा नवी पट्टी जुन्या यंत्राला सरळ लागत नाही. त्यासाठी रूपांतर करणारी वेगळी पेटी घ्यावी लागते, आणि दोन दिशांसाठी दोन निरनिराळ्या पेट्या आहेत. वापरलेली पट्टी स्वस्तात मिळाली म्हणून घ्यावी आणि नंतर तिच्याशी जुळणारे यंत्र शोधावे, हा उलटा प्रवास महाग पडतो. २०१९ अखेर जाहीर झालेले बॉसचे एसवाय-१००० तेरा पिनांचेच आहे आणि त्यात जीआर-३००च्या धाटणीचा सिंथ अंतर्भूत आहे; ज्याला आवाज कोरण्यात रस आहे त्याने ते पाहावे, मला बासरी आणि पेटी एवढेच हवे होते.

केबलवरून आठवले. तेरा पिनांची केबल मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मागवली आणि त्याने पाच पिनांची मिडी केबल पाठवली. फोन केल्यावर ‘पिना कमी असल्या तरी चालते साहेब’ असे उत्तर मिळाले. चालत नाही. तेरा पिनांची केबल प्रत्येक दुकानात नसते. मुंबईत धोबी तलावच्या परिसरातल्या वाद्यांच्या दुकानांतही आधी विचारून जावे. मंचासाठी १० मीटरची आणि सरावासाठी ५ मीटरची अशा दोन असाव्यात, कारण ऐन कार्यक्रमात ती तुटली तर शेजारच्या वादकाकडून उसनी मिळण्याची शक्यता शून्य असते.

आता त्या विषयाकडे येतो, ज्यासाठी मला हा सगळा खटाटोप करावासा वाटला, तो म्हणजे मींड. की-बोर्डवरची बासरी स्वरांवर उड्या मारते आणि चाक फिरवून मींड काढणाऱ्या वादकाचा डावा हात त्यातच अडकतो. गिटारवर तार आडवी ओढली की मींड हातातच असते. परंतु ती मींड सिंथेसायझरपर्यंत शाबूत पोचण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली म्हणजे प्रत्येक तारेला स्वतःची मिडी वाहिनी (चॅनेल) हवी, कारण स्वर वळवण्याचा मिडी संदेश त्या वाहिनीवरच्या सगळ्या स्वरांना एकदम लागू होतो. सहा तारा एकाच वाहिनीवर असतील आणि तुम्ही एक तार ओढलीत, तर सोबत धरलेला षड्जही तिच्यामागे फरफटत जातो. म्हणून यंत्र ‘मोनो’ पद्धतीवर, म्हणजे सहा तारा सहा वाहिन्यांवर ठेवायचे, आणि सिंथेसायझरही एका वेळी सहा वाहिन्या ऐकणारा हवा. जो एकच वाहिनी ऐकतो त्याच्यासाठी यंत्र ‘पॉली’वर ठेवावे आणि मींड फक्त एकट्या तारेवर घ्यावी. २०१८ मध्ये मान्य झालेली एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन) ही पद्धत मुळात हीच कल्पना व्यवस्थित बांधून देते, त्यामुळे नवा सिंथ किंवा सॉफ्टवेअर घेताना ते एमपीई समजते का, एवढे विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे वळणाची मर्यादा दोन्हीकडे सारखी हवी. मिडीमध्ये हे वळण १६,३८४ पायऱ्यांत मोजतात, पण त्या पायऱ्या किती स्वरांतरावर पसरायच्या हे पाठवणारा आणि ऐकणारा आपापल्या परीने ठरवतात. माझ्या यंत्रात ही मर्यादा वर-खाली १२ अर्धस्वरांची होती आणि की-बोर्डात, बहुतेक की-बोर्डांत असते तशी, २ अर्धस्वरांची. मी षड्जावरून तार ओढून शुद्ध रिषभ घेतला. यंत्राने बरोबर दोन अर्धस्वर, म्हणजे मर्यादेचा सहावा भाग पाठवला. की-बोर्डाने आपल्या २ अर्धस्वरांचा सहावा भाग काढला आणि स्वर षड्जाच्या वर जेमतेम एक तृतीयांश अर्धस्वरावर जाऊन थांबला. शुद्ध रिषभ सोडा, कोमलसुद्धा लागला नाही. दोन दिवस मी पट्टीला दोष देत होतो. दोन्हीकडे १२ केल्याबरोबर मींड सरळ झाली, आणि १२वर पसरूनही एका अर्धस्वराच्या वाट्याला सुमारे ६८० पायऱ्या येत असल्याने कानाला कुठेही दातेरी लागत नाही.

पेटीच्या बाबतीत हे सगळे उलटे करायचे. पेटीला मींड नाही, त्यामुळे तारेचा प्रत्येक बारीक कंप तिच्या आवाजात गेला तर पेटी ओली झाल्यासारखी वाटते. त्यासाठी यंत्रातली ‘क्रोमॅटिक’ सोय चालू करावी. मग वळणाचे संदेश जात नाहीत, तार ओढली तरी स्वर एकेक अर्धस्वराने चढतो. बासरीसाठी ती बंद ठेवली की डाव्या हाताने घेतलेली मुरकी नव्या आघाताशिवाय, एकाच फुंकरीत निघाल्यासारखी येते. माझ्या दृष्टीने या उपकरणांचे सगळे सार्थक त्या एका जागी आहे. उलट मरिंबा, तबला, पियानो असे ठाशीव आघाताचे आवाज गिटारवरून वाजवण्याचा हट्ट कमी करावा. राहिलेला उशीर त्यांच्यात उघडा पडतो, तर व्हायोलिनांच्या सावकाश चढणाऱ्या आवाजात तो विरून जातो.

उपकरण कोणतेही घ्या, त्याआधी गिटारकडे पाहा. ब्रिज आणि शेवटचे पिकअप यांच्यामध्ये पट्टी बसण्याइतकी जागा आहे का, आणि तारा व गिटारचे अंग यांच्यातली उंची पुरते का, हे फूटपट्टीने मोजावे. टेलिकास्टर धाटणीच्या ब्रिजमध्ये पिकअप त्याच पत्र्यात असल्याने ही जागा सहसा नसते. जीके-३ची पट्टी ब्रिजपासून २० मिलिमीटरच्या आत असावी लागते आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता तार व पट्टी यांत साधारण १ मिलिमीटर अंतर राहावे लागते. मी हे अंतर पहिल्यांदा डोळ्यांनी ठरवले आणि महिनाभर चुकीचे स्वर ऐकले. नंतर मोजपट्टीच्या पात्यांचा जुडगा (फीलर गेज) आणून प्रत्येक तारेखाली मापले तेव्हा निम्म्याहून अधिक तक्रारी मिटल्या. तारा नव्या हव्यात, पडद्यावर घासणारी तार नको, स्वरमेळ बाराव्या पडद्यावर तपासलेला हवा. त्यानंतर उरतो तो आपला हात. नुसत्या गिटारवर खपून जाणारी अर्धवट दाबलेली तार, चुकून लागलेली मोकळी तार, पिकचा निसटता स्पर्श यांतला प्रत्येक घोटाळा सिंथेसायझर पूर्ण आवाजात, व्हायोलिनांच्या ताफ्यासह जाहीर करतो. उजव्या तळहाताने तारा दाबून ठेवण्याची सवय मला याच उपकरणाने लावली.

तेव्हा घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आधी सॉफ्टवेअरची चाचणी घ्यावी आणि तिथे अडल्यास ट्रिपलप्लेकडे जावे. एकेरी धून आणि पाच पिनांचा जुना सिंथ एवढाच संसार असेल तर जीटूएम पुरे. संगणक न नेता मंचावर उभे राहायचे असेल तर तेरा पिनांचे वापरलेले जीआर-५५, आणि नवे व हमीचे हवे असेल तर जीएम-८०० आणि जीके-५ एकत्र. वापरलेले यंत्र घेताना आपली पट्टी आणि केबल बरोबर न्यावी, सहाही तारा एकेक करून वाजवाव्यात आणि केबल खोबणीत हलवून पाहावी. एखादी तार मध्येच गप्प झाली तर खोबणीचा सांधा सुटलेला असतो.

सध्या माझ्या गिटारवरून तेरा पिनांची केबल जीआर-५५मध्ये जाते, व्हायोलिनांचा भरणा त्याच्याच पोटातून येतो आणि बासरी व पेटी मित्राने मागे ठेवलेल्या साउंड मॉड्यूलमधून. यंत्राच्या मागून त्या मॉड्यूलपर्यंत गेलेली पाच पिनांची केबल ही विक्रेत्याने चुकून पाठवलेलीच आहे. ती परत करायची राहून गेली.